चार पाट्या माती, एक पाटी भुसा

अंबादास गुरुजींना नारू झाला तो बेंबळीला बदली होऊन आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात. घोट्यावर फोड आला, फुटला, आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसायला लागलं. शेजारच्या म्हातारीनं ते काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढत तीन आठवड्यांत बाहेर काढलं. तेवढे दिवस गुरुजी खाटेवर पडून होते. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून नारू पोटात जातो, हे त्यांनी स्वतः फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. आणि तेच पाणी न गाळता प्यायले होते.

फडक्यानं गाळून प्या, असं सांगून सांगून आरोग्य खात्याची माणसं थकली होती. फडकं दोन दिवस पाणी गाळायचं, तिसऱ्या दिवशी भाकरी बांधायला जायचं. गुरुजींना वाटलं, गाळण्याचं काम माणसावर सोडायलाच नको. मडक्यानंच गाळलं पाहिजे.

चालता यायला लागलं तसे ते लंगडत उत्तरेश्वर कुंभाराकडं गेले.

"असं मडकं करता येईल का, की वर ओतलेलं गढूळ पाणी बुडातून झिरपून खाली स्वच्छ पडेल?"

उत्तरेश्वर चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "गळकं मडकं गिऱ्हाईक माघारी आणून आपटतंय, गुरुजी. आन तुमी गळकंच मागाया लागलाव."

पण ते त्याच्या डोक्यात बसलं. मातीत लीद आणि राख तो मिसळतच होता. आता त्यानं ज्वारीचा भुसा घालून बघितला. मडकी भाजताना भुसा आव्यात जळून जातो आणि त्याच्या जागी भोकं राहतात. पहिलं वर्ष वाया गेलं. काही मडकी तडकली, काही चाळणीसारखी गळली. मग त्यानं माती बदलली, तळ्याच्या पोटातला काळा गाळ आणला, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला एकाएकी मडकी जमायला लागली. सांजेला भरून ठेवलं की सकाळी खालच्या रांजणात घरापुरतं पाणी, नितळ.

"गाळाची करामत हाय," उत्तरेश्वर म्हणाला, आणि गुरुजींनी ते खरं मानलं.

पेटंटची कल्पना गुरुजींचीच. त्यांचं घराणं तुळजापूरच्या पुजाऱ्यांचं. वडिलांनी देवीच्या सेवेत आयुष्य काढलं, यांना मात्र शाळेचं वेड. निजामाच्या राज्यात उर्दूतून मॅट्रिक झालेले, नंतर शब्दकोश घेऊन इंग्रजी शिकलेले. जिल्हा मुंबई राज्यात गेला तोवर इंग्रजी कागदांची भीड त्यांना उरली नव्हती. नवी वस्तू शोधणाऱ्यानं ती कशी करायची हे सरकारला पूर्ण लिहून द्यायचं, आणि त्या बदल्यात सरकार काही वर्षं दुसऱ्या कुणाला ती करू देत नाही, असा कायदा असल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी कलकत्त्याच्या पेटंट कचेरीतून फॉर्म मागवले. अर्ज उत्तरेश्वरच्या नावानं. "माझं नाव नको. मी फक्त मागितलं, केलं तू," ते म्हणाले.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत आठ दिवस ते रोज शाळा सुटल्यावर कुंभारवाड्यात जाऊन बसले. चाकापाशी पाट टाकून उत्तरेश्वर सांगेल ते लिहून घेतलं.

"माती किती, भुसा किती?"

"चार पाट्या माती, एक पाटी भुसा. अंदाजानं."

"पाटी कुठली?"

"ही की."

गुरुजींनी ती पाटी वहीत काढली, अंगणातल्या ढिगातला भुसा तिच्यात भरून तराजूला लावला, वजन लिहिलं. मातीचंही लिहिलं. मडक्याची जाडी मोजली, आव्यातल्या गोवऱ्या मोजल्या. उत्तरेश्वरची बायको धुरपताबाई आतल्या सोप्यात माती मळत असायची. तिकडं गुरुजी गेले नाहीत. परक्याच्या घरात बाईमाणसाच्या कामाशी जाऊन उभं राहायचं त्यांच्या मनातही आलं नाही. एकदा तीच दारातून म्हणाली, "गुरुजी, भुश्याचं लिवलं का समदं?"

"लिहिलं, बाई. वजनासकट लिहिलं," गुरुजी म्हणाले.

अर्ज फेब्रुवारीत गेला. पोचपावती आली, तिच्यावर तारीख होती. गुरुजींनी ती उत्तरेश्वरला वाचून दाखवली आणि म्हणाले, "आता बिनधास्त विक. या तारखेच्या आधी आपण बाहेर एक मडकं दिलं नाही, आणि आता तारीख आपली झाली."

उत्तरेश्वरनं विकली. बेंबळीच्या बाजारात, वर्षभरात साठेक.

कलकत्त्याचं पत्र जूनमध्ये आलं. भुशाचा दाणा केवढा? आव्याची आच किती? गुरुजींकडं आच मोजायचं यंत्र नव्हतं. त्यांनी आव्यात एक जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, चमचा आणि एक पितळेची कडी ठेवली. चमचा वितळला, कडी राहिली. दोन्ही धातू किती आचेला वितळतात ते पुस्तकात बघून, आच त्या दोन्हींच्या मधली, असं लिहिलं. घरी बायकोनं, वनमालाबाईंनी, चमच्याबद्दल दोन दिवस ऐकवलं. भुशाबद्दल लिहिलं, ज्वारी मळून उफणल्यावर राहतो तो साधा भुसा.

डिसेंबरात दुसरं पत्र आलं. गुरुजींनी ते तीनदा वाचलं. त्याचा मतलब असा होता : या वर्णनावरून याच धंद्यातला साधारण कारागीर, स्वतः नवीन शोध न लावता, ही वस्तू बनवू शकेल अशी कचेरीची खात्री पटत नाही. अर्ज मंजूर होण्याची मुदत अठरा महिन्यांची होती. त्यातले दहा संपले होते.

"खात्री पटत नाही!" गुरुजी उत्तरेश्वरच्या अंगणात उभे राहून ओरडले. "आठ दिवस बसून पाटीन् पाटी तोलली. कलकत्त्यात खुर्चीवर बसून यांना काय कळतं कुंभारकामातलं?"

"मग आता?"

"आता दाखवतो. ज्यानं हे मडकं बघितलेलं नाही असा कुंभार शोधतो. त्याला नुसता कागद देतो. त्यानं केलं, की त्याचा जबाब कलकत्त्याला."

असा कुंभार त्यांना अणदूरला मिळाला. महालिंगप्पा, साठीचा, हात सोन्याचा म्हणून नळदुर्गापर्यंत नाव. घरात कानडी, बाहेर मराठी. गुरुजींनी अर्जाचं मराठी करून स्वच्छ अक्षरात लिहून नेलं. मातीवरून वाद नको म्हणून बेंबळीच्या गाळाची दोन पोती बसच्या टपावर टाकून नेली. महालिंगप्पाचा मुलगा शिकलेला होता. त्यानं कागद वाचून दाखवला.

"कागद वाचून मडकं?" महालिंगप्पा हसला. "यप्पा, आमच्यात बापाचा मार खाऊन शिकत्यात."

"कागद वाचून करता येतं का, एवढंच बघा. मी एक शब्द जास्त सांगणार नाही."

पंधरा दिवसांनी गुरुजी परत गेले. आठ मडकी ओळीनं मांडली होती. महालिंगप्पानं पहिल्यात घागर ओतली. घागर रिकामी व्हायच्या आत मडकं रिकामं झालं. दुसऱ्याला तडा होता. तिसऱ्यातून गढूळ पाणी गढूळच खाली आलं.

"भुसा कमी घालून बघू?" गुरुजींनी विचारलं, आणि लगेच जीभ चावली. कागदावर तसं नव्हतं.

महालिंगप्पानं त्यांच्या समाधानासाठी भुसा निम्मा करून आणखी एक आवा लावला. फेब्रुवारीअखेर गुरुजी पुन्हा गेले, तर ती मडकी आठ दिवस भरून ठेवलेली होती, तरी बुड नुसतं ओलं झालं होतं, थेंब पडला नव्हता.

"गुरुजी," महालिंगप्पा शांतपणे म्हणाला, "माती तुमची, माप तुमचं. हात माझा आहे, तो काय वाईट नाही. तुमच्या कुंभारानं एक गोष्ट दाबून ठेवलीया. मी बी ठेवली असती."

परतीच्या बसमध्ये गुरुजींच्या मांडीवर पहिल्या आव्यातल्या तडकलेल्या मडक्याची खापरं होती आणि डोकं भणभणत होतं. म्हणून उत्तरेश्वर उत्तर देताना दर वेळी 'अंदाजानं' म्हणायचा! आपण वर्षभर कलकत्त्याशी त्याच्यासाठी भांडतोय, आणि हा आपल्यापासूनच लपवतो. स्टँडवरून ते घरी न जाता सरळ कुंभारवाड्यात गेले.

"काय लपवलंस, उत्तरेश्वर?"

उत्तरेश्वर चाकावर होता. त्यानं चाक थांबू दिलं. "काय म्हणलाव?"

"मडक्यात आणखी काय घालतोस? सरकारला पूर्ण सांगायचं असतं, अर्धं नाही. मी तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"म्या समदं सांगितलंय."

"मग महालिंगप्पाची मडकी का गळतात?"

"त्येला इचारा. त्येच्या हाताला इचारा."

"त्याचा हात तुझ्यापेक्षा वीस वर्षं जुना आहे!"

हे बोलायला नको होतं. उत्तरेश्वर उठला, हात धुतले आणि म्हणाला, "गुरुजी, मडकं तुमी मागितलं म्हनून केलं. आन आता चोर बी म्याच. पुन्यांदा या दारात कागूद आनू नगा."

मार्च गेला, एप्रिल गेला. उत्तरेश्वर रस्त्यात दिसला की दुसऱ्या बोळात वळायचा. गुरुजी शाळेत पोरांवर चिडायचे, घरी ताटावर चिडायचे. कलकत्त्याला काय उत्तर द्यायचं ते सुचत नव्हतं. खोटं लिहिणं जमत नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं.

मेमध्ये वनमालाबाईंनी माठ आणायला म्हणून धुरपताबाईला घरी बोलावलं. ती माठ ठेवून वळली तर ओसरीच्या कोपऱ्यात ती अणदूरची खापरं पडलेली होती. तिनं एक उचललं, नखानं कड खरवडली आणि उन्हात धरलं.

"ह्ये कुनाचं वो?"

"अणदूरच्या कुंभाराचं," आतून गुरुजी म्हणाले. "तुमच्या मालकाच्या मापानं केलेलं."

"आता गं बया. ह्येनी भुसा तसाच टाकला व्हय? न दळता?"

गुरुजी बाहेर आले. "न दळता म्हणजे?"

"म्हंजी काय? भोकं बघा की केवढाली. भुसा जात्यावर दळाचा, लुगड्याच्या धडप्यातनं चाळाचा. आटा असतो तसा. मंग मातीत."

"तुम्ही दळता?"

"तर वो. दोन वर्सामागं आकितीच्या आदी माज्या बोटाला नखुरडं झालतं. माती मळताना भुश्याचं कूस टोचायचं, जीव जायचा. म्हनून दळला. मंग तसाच दळत गेले. मऊ पडतंय."

गुरुजी ओसरीच्या पायरीवर बसले. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मडकी जमायला लागली होती, ती तळ्याच्या गाळानं नव्हे.

"उत्तरेश्वरला माहीत नाही?"

"त्येंच्याम्होरं मळलेला गोळा जातुया. जात्याकडं कोन बघतंय?" मग ती जरा थांबून म्हणाली, "म्या इचारलं हुतं तुमाला. भुश्याचं लिवलं का म्हनून."

गुरुजींना आधी हसू आलं, मग एवढा संताप आला की हातातलं खापर त्यांनी अंगणात भिरकावलं. संताप कुणावर, ते त्यांनाच धड सांगता आलं नसतं. पाटीसुद्धा चुकली होती. त्यांनी तोलली होती ढिगातल्या भुशाची पाटी. मातीत पडत होती दळलेल्या भुशाची, जी दुपटीनं तरी जड भरणार. कागदावर लिहिलेला एकही आकडा खोटा नव्हता, आणि त्या कागदावरून मडकं मात्र होत नव्हतं. खुर्चीवर बसलेल्या त्या कलकत्त्याच्या माणसाला मातीतलं काही कळत नव्हतं, तरी त्याचंच खरं निघालं होतं.

संध्याकाळी ते उत्तरेश्वरच्या दारात गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "चुकलो मी."

उत्तरेश्वरनं सगळं ऐकून घेतलं. मग बायकोकडं बघितलं. "सांगायचं न्हाईस व्हय गं?"

"इचारलं कुनी?" ती म्हणाली.

या वेळी गुरुजी आतल्या सोप्यात जात्यापाशी बसले. धुरपताबाई दळत होती, ते लिहीत होते. फडक्याचे उभे-आडवे धागे मोजले, बोटाच्या पेरात किती बसतात ते लिहिलं. तिचं नावही अर्जात घालावं, असं त्यांनी सुचवलं. ती म्हणाली, "माजं नाव कलकत्त्यात काय करंल?" तरी गुरुजींनी वेगळ्या कागदावर ते लिहून ठेवलं. त्याच दिवशी त्यांनी अणदूरला महालिंगप्पालाही पत्र टाकलं : भुसा दळून वस्त्रगाळ करा, पाटी दळलेल्याची धरा आणि पुन्हा बघा. पंधरा दिवसांत महालिंगप्पाच्या मुलाचं उत्तर आलं, आठपैकी सात मडकी नितळ झिरपली. गुरुजींनी तो कागद उत्तरेश्वरला वाचून दाखवला तेव्हा तीन महिन्यांत पहिल्यांदा तो हसला.

दुरुस्त केलेलं वर्णन आणि महालिंगप्पाचा जबाब जूनमध्ये कलकत्त्याला गेला. उत्तर जुलैच्या शेवटी आलं. वर्णन आता पुरेसं दिसतं, असं त्यात होतं. पण भुसा दळणं आणि चाळणं मूळ अर्जात कुठंच नव्हतं. ही नवी बाब आहे. मूळ अर्जाच्या तारखेचा फायदा तिला देता येणार नाही. हवं तर आजच्या तारखेनं नवा अर्ज करावा, आणि त्या तारखेआधी ही वस्तू कुठं विकलेली किंवा उघड वापरलेली नाही असं लिहून द्यावं.

गुरुजी ते पत्र घेऊन सोलापूरला एका वकिलाकडं गेले. वकिलानं वाचलं आणि विचारलं, "विकलीत का?"

"साठ. तारीख पडली म्हणून मीच विकायला सांगितलं."

"मग संपलं. जी तारीख तुम्हाला पडली, ती न होणाऱ्या मडक्याची होती. होणाऱ्या मडक्याला तारीखच नव्हती." वकील वाईट माणूस नव्हता, त्यानं चहा मागवला. गुरुजींनी तो घेतला नाही.

फॉर्म त्यांनी तरी आणला. कुंभारवाड्यात पाटावर बसून त्यांनी उत्तरेश्वरला शेवटचं कलम समजावून सांगितलं.

"न्हाय इकली, म्हनून लिवा की," उत्तरेश्वर म्हणाला. "कलकत्त्याहून कोन येतंय मडकी मोजाया?"

"खाली दस्तखत तुझं असेल."

"माजा आंगठा. घ्या की. दीड वरीस झालं गुरुजी, माज्या मडक्याची पाटी तोलतायसा, आच तोलतायसा. आता एक न्हाय लिवायला जड हुतंय?"

गुरुजींनी टाक हातात धरून ठेवला. शाई सुकली, पुन्हा बुडवला. बाहेर बोळात कुणाच्या तरी दारात तेच मडकं रांजणावर ठेवलेलं दिसत होतं. त्या एका घरातला माणूस उद्या कुणी कोर्टात उभा केला तरी कागद फाटला असता, हे खरं होतं. पण तेवढ्यासाठीच ते थांबले होते असंही नव्हतं.

"मला नाही जमणार, उत्तरेश्वर."

"मंग कशाला सुरू केलंसा?"

गुरुजींनी टाक पुसला आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला. ऑगस्टमध्ये मुदत संपली.

दिवाळीनंतर बातमी आली की महालिंगप्पा तसली मडकी नळदुर्गला, सोलापूरला, थेट आळंदपर्यंत पाठवतो. तिघे जण भुसा दळायला ठेवलेत. उत्तरेश्वर स्वतःहून गुरुजींच्या घरी आला. ओसरीवर बसला नाही.

"त्येला भुश्याचं सांगितलं कुनी?"

"मी."

"तुमच्या तोंडानं ऐकायचं हुतं मला ते."

"तपासायला दुसरा कुंभार लागतच होता. तुला पत्र वाचून दाखवलं होतं. तू हसलास."

"हसलो. तवा कागूद मिळनार हुता." आणि तो निघून गेला.

गुरुजी पुढच्या रविवारी अणदूरला गेले. महालिंगप्पाच्या अंगणात भिंतीलगत दीडेकशे मडकी उपडी घातलेली होती. त्यांनी विचारलं, निदान उत्तरेश्वरला काही भाग द्याल का, निदान हे त्याचं आहे म्हणून गिऱ्हाइकाला सांगाल का.

महालिंगप्पानं त्यांना घोंगडं टाकून बसवलं. "मी तुमच्या दारात आलो नव्हतो, गुरुजी. तुम्ही पोती घेऊन आला. कागद वाचून करता येतं का बघा म्हणाला. नव्हतं येत, तर नाही म्हणून सांगितलं. मग तुम्हीच पत्र टाकलं. आता येतंय. यात माझी चोरी कुठली ते सांगा, मी ऐकतो."

गुरुजींनी जवळच्या मडक्याच्या बुडावरून बोट फिरवलं.

"कुंभाराला म्हणावं, मडकी चांगली आहेत. आमच्या खंडोबाच्या गल्लीत औंदा नारूचा एकच माणूस." मग त्यानं एक मडकं उचलून पुढं केलं. "घेऊन जा. घरी लागंल."

"आहे घरी," गुरुजी म्हणाले आणि उठले.

बेंबळीला उतरल्यावर ते कुंभारवाड्यात गेले. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. महालिंगप्पा काय म्हणाला ते त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं, नारूचं सुद्धा. उत्तरेश्वर खाली बघत ओलं मडकं थापत राहिला. थापीचा आवाज थांबला नाही. धुरपताबाई आतून बाहेर आली, दारात टेकली.

"एकदा दळतो का दोनदा?" तिनं विचारलं.

"कोण?"

"त्यो अणदूरचा. म्या दोनदा दळते. एकदा दळला तर आठातलं एक फुटतंय."

दोनदा दळतात हे गुरुजींच्या दुरुस्त केलेल्या कागदावरही नव्हतं.

"सांगू नगा त्येला," उत्तरेश्वर खालीच बघत म्हणाला.

गुरुजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कुणी बसा म्हणालं नाही, तसे ते घराकडं चालू लागले.